कामावर नाव काढायचं आणि माणसंही सांभाळायची: बडोद्यातल्या नोकरदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मकरपुरा जीआयडीसी असो, नंदेसरी, सावली, हलोल, नाहीतर अलकापुरीतलं एखादं एसी ऑफिस. चार मराठी माणसं भेटली की नोकरीचे प्रश्न फिरून फिरून तेच निघतात: गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या पंगतीत, दांडिया बाजारात भाजी घेताना. मी क्वालिटीतली, म्हणजे माल तपासणाऱ्या खात्यातली बाई. मशीन शॉपमध्ये उमेदवारी केली, पुढे खातं सांभाळलं, आता ऑडिटच्या निमित्ताने निरनिराळ्या कारखान्यांत जाते. त्यामुळे उदाहरणं लोखंडाची आहेत. बँकेतल्या किंवा सॉफ्टवेअरमधल्या मंडळींनी नग म्हटलं की फाइल समजावं. प्रश्न कुठूनही वाचले तरी चालतील.

मी काम चोख करतो, पण नाव दुसऱ्याचं होतं. माझं काय चुकतं?

बहुधा एवढंच, की तुमचं काम तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. आपल्याकडे घरून शिकवण असते की आपण आपलं काम करत राहावं, बघणारे बघतात. बघणाऱ्याकडे मात्र तुमच्यासारखे पंधरा जण असतात आणि त्याला स्वतःच्या साहेबाला उत्तर द्यायचं असतं.

शनिवारी निघण्याआधी चार-पाच ओळी लिहून वरिष्ठांना पाठवा. या आठवड्यात काय संपलं, काय अडलंय, कशामुळे अडलंय आणि ते सुटायला कुणाची मदत लागेल. स्वतःचं कौतुक नको, विशेषणं नकोत. ‘गिअर बॉक्स हाउसिंगचे 40 नग पास होऊन डिस्पॅचला गेले, 6 रीवर्कला आहेत, प्लेटिंगवाल्याने मंगळवारचा शब्द दिलाय’ एवढं पुरतं. यात बरोबर काम केलेल्याचं नाव लिहायला विसरू नका. नाव लिहिणाऱ्याचं नाव आपोआप होतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

यात फुशारकी वाटायचं कारण नाही. उलट साहेबांना तुमच्या मागे लागावं लागत नाही, आणि ज्याच्या मागे लागावं लागत नाही त्याच्याकडेच पुढचं मोठं काम जातं.

वाईट बातमी साहेबांना कधी सांगायची? आधी स्वतः सोडवून बघावी, की लगेच सांगावी?

लगेच सांगा. या पानावर दुसरं काही वाचलं नाही तरी एवढं लक्षात ठेवा: कुठल्याही खात्याचं आरोग्य वाईट बातमी किती लवकर वर पोचते त्यावरून कळतं. चांगल्या बातमीला पाय फुटतातच. वाईट बातमीला मात्र वाट करून द्यावी लागते.

समजा, सोमवारी माल जायचा आहे आणि गुरुवारी दुपारी कळलं की कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे ओतकामात राहिलेल्या हवेच्या पोकळ्या, निघतायत. गुरुवारी सांगितलं तर साहेबांच्या हातात चार वाटा असतात. दुसऱ्या सप्लायरकडून उचल करता येते, ग्राहकाला फोन करून अर्धा माल आधी देता येतो, रविवारी शिफ्ट लावता येते, नाहीतर डिझाइनवाल्यांना विचारून त्या जागचं होल चालतं का ते बघता येतं. रविवारी रात्री सांगितलं तर एकच वाट उरते, माफी मागायची. बातमी तीच, फक्त शिळी झाल्यामुळे महाग पडली.

सांगण्याचीही एक रीत आहे. काय झालं, किती नगांना झालं, मी आत्तापर्यंत काय केलं आणि तुमच्याकडून काय हवं, याच क्रमाने आणि एका दमात. ‘साहेब, एक छोटासा प्रॉब्लेम आहे’ अशी सुरुवात करू नका. छोटासा म्हटलं की ऐकणारा घाबरतो, आणि तुम्ही पुढचं चाचरत सांगता तोवर त्याच्या मनात त्याचा डोंगर झालेला असतो. दोष कुणाचा ते त्या पहिल्या फोनवर काढू नका. तो विषय नंतर निघेलच.

आधी सोडवून बघणं कुठपर्यंत बरोबर? तुमच्या हातात आहे आणि तासाभरात कळणार आहे, तिथपर्यंत. त्यापुढे तुम्ही प्रश्न सोडवत नसता, लपवत असता. हेतू कितीही चांगला असला तरी.

आणि साहेब सांगितल्यावर ओरडणारे असतील तर?

ओरडण्याची तयारी ठेवून सांगा. तोंडी सांगून झालं की दोन ओळींचा मेल टाका: ‘सकाळी सांगितल्याप्रमाणे…’. हा मेल त्यांना अडकवायला नाही. रागाच्या भरात ऐकलेलं अर्धं विसरलं जातं, म्हणून. आणि त्यांची वेळ ओळखा. काही साहेब प्रॉडक्शन मीटिंगआधी कुणाचे नसतात आणि चहानंतर सगळ्यांचे असतात.

जो साहेब आई-बहिणीवरून शिव्या देतो किंवा वस्तू फेकतो, त्याच्यासाठी हे उत्तर नाही. तिथे एचआरकडे लेखी जायचं आणि जमलं तर दुसरी नोकरी शोधायला लागायचं.

कालपर्यंत ज्यांच्याबरोबर गेटबाहेर चहा प्यायचो, त्यांचाच मी आज इन्चार्ज झालोय. कसं वागू?

हा प्रश्न विचारताना बहुतेकांचा आवाज खाली येतो, म्हणून जरा सविस्तर.

ज्या दिवशी पत्र हातात पडेल त्या दिवशी सगळ्यात आधी त्या माणसाकडे जा, ज्याला वाटत होतं की हे पद त्याला मिळेल. असा एक जण असतोच, आणि तो कोण हे तुम्हाला माहीत असतं. एकटे जा, पेढ्याचा बॉक्स न घेता जा. ‘काका, तुमचा हक्क होता असं तुम्हाला वाटत असेल तर ते मला समजतं. मला तुमची गरज आहे. कुठल्या कामात तुमचा शब्द शेवटचा ठेवायचा, ते तुम्ही सांगा.’ अशा अर्थाचं काहीतरी, तुमच्या भाषेत. हे केलं नाही तर ‘कानामागून आली आणि तिखट झाली’ हे लंच टेबलवर वर्षभर चघळलं जाणार, आणि ते तिखट तुमच्या प्रत्येक सूचनेत उतरणार.

चहा बंद करू नका. एकदम केबिनमध्ये बसणारा माणूस हास्यास्पद दिसतो. पण दोन गोष्टी त्या दिवसापासून चहावर बोलायच्या नाहीत: दुसऱ्या कुणाचा पगार आणि दुसऱ्या कुणाची चूक. जुन्या मित्रांना याची सवय व्हायला महिना-दोन महिने लागतात. त्यांना लागू द्या.

रजा आणि ओव्हरटाइम, इथे तुमची खरी परीक्षा आहे. लोक तुमचं भाषण ऐकत नाहीत, रविवारचा ओव्हरटाइम कुणाला मिळाला ते मोजतात. यादी भिंतीवर लावा, पाळीपाळीने द्या, आणि तुमच्या जवळच्या मित्राचा नंबर चुकूनही पुढे ओढू नका. आपल्या मराठी इन्चार्जांना एक खास सांगणं: गणेश चतुर्थीला सगळ्या मराठी माणसांना सुट्टी आणि छठच्या वेळी बिहारच्या माणसाला ‘अरे, आत्ताच तर दिवाळीत जाऊन आलास’ असं केलंत, तर तुम्ही खात्याचे इन्चार्ज राहिला नाहीत, मंडळाचे झालात.

वयाने मोठ्या ऑपरेटरला एकेरीत हाक मारू नका, तो हाताखाली असला तरी. बडोद्यात हे सोपं आहे. नावापुढे भाई किंवा बेन लावलं की भागतं.

माझ्या हाताखालचे लोक काही सांगतच नाहीत. मीटिंगमध्ये विचारलं तर ‘सब ठीक है’. का?

कारण कधीतरी कुणीतरी सांगितलं होतं आणि त्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

एका कारखान्यातला प्रसंग सांगते; नाव नको. सीएनसी लेथवर बुशचं काम चालू होतं. 25 मिलीमीटरचा बोअर (आतलं भोक), ड्रॉइंगवर एच7, म्हणजे 25.000 ते 25.021 च्या मध्ये बसला तर पास. सकाळी पहिला नग तपासला, सही झाली. दहाच्या चहानंतर ऑपरेटरने बोअरिंग बारचा इन्सर्ट (कापणारं पातं) बदलला आणि ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेली पात्याची जागा, नीट न बघता सायकल सुरू केली. मशीनशेजारी एक हेल्पर नग पुसून प्लग गेज, म्हणजे भोक तपासायचा दांडा, लावत होता. गेजची ‘गो’ बाजू आत जायला हवी, ‘नो-गो’ जायला नको. त्या दिवशी त्याला ‘नो-गो’ बाजू जराशी आत सरकताना जाणवली. त्याने नग वळवून पुन्हा लावून पाहिला. पुन्हा सरकली. नग त्याने ट्रेमध्ये ठेवला आणि पुढचा उचलला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्खा ट्रे भरला आणि सगळा भंगारात गेला. मोठा झालेला बोअर पुन्हा लहान करता येत नाही.

चौकशी झाली. ऑपरेटरला मेमो मिळाला, आणखी एक इन्स्पेक्टर नेमायचं ठरलं. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला. हेल्परला मात्र कुणी काही विचारलं नव्हतं, कारण तो कॉन्ट्रॅक्टरचा माणूस. मी ऑडिटला गेले तेव्हा त्याच्याशेजारी उभं राहून सहज विचारलं, तुला कळलं नव्हतं का? म्हणाला, कळलं होतं. मग बोलला का नाहीस? तर आधीच्या आठवड्यात त्याने असंच मशीन थांबवायला लावलं होतं. बोअरमध्ये बारीक चिप अडकली होती, म्हणून गेज आत जात नव्हतं. नग चांगला होता. सगळे हसले होते. सुपरवायझर म्हणाला होता, ‘आ गए इंजिनिअर साहब.’

ट्रेभर नगांचं मूळ त्या हसण्यात होतं. टोयोटामध्ये ताइइची ओनो यांनी रुजवलेली एक सवय जगभर सांगितली जाते: चूक दिसली की ‘का’ हा प्रश्न पाच वेळा विचारायचा. आपल्याकडे तो दुसऱ्या ‘का’ला थांबतो, कारण तोवर दोषी सापडलेला असतो. त्याच कारखान्यांत लाइनवरच्या कुठल्याही कामगाराला दोरी ओढून इन्चार्जला बोलावता येतं आणि वेळ पडली तर लाइन थांबते. दोरी आपल्याकडेही लावता येईल, त्याला खर्च तो काय. पण दोरी फुकट ओढली गेली तरी जो ‘बरं केलंस’ म्हणेल, असा सुपरवायझर दोरीबरोबर बाजारात मिळत नाही.

म्हणून उपाय सांगते तो साधा आहे. खोट्या धोक्यासाठी मशीन थांबवणाऱ्याचं सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर नाव घ्या आणि बरं केलंस म्हणा. दोन-तीन वेळा असं झालं की ‘सब ठीक है’ कमी होतं. मग मीटिंगमध्ये ‘काही प्रॉब्लेम?’ असं विचारूही नका. ‘काल कुठल्या नगाला सगळ्यात जास्त वेळ लागला?’ असं विचारा. या प्रश्नाला ‘सब ठीक है’ हे उत्तर होऊच शकत नाही.

चूक झाली तर बोलायचं कसं? सगळ्यांसमोर, की बाजूला घेऊन?

बाजूला घेऊन, त्याच दिवशी, आणि त्या कामापुरतं. ‘तू नेहमीच असं करतोस’ हे वाक्य तोंडातून गेलं की संभाषण संपलं. सुरक्षिततेची चूक मात्र याला अपवाद. गार्ड काढून प्रेस चालवताना कुणी दिसला तर तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात थांबवायचं. बोट गेल्यावर बाजूला घेऊन काय उपयोग.

इंग्रजीत बोलताना अडतं आणि डिग्रीही नाही. वर चढता येईल का?

कवळाण्याचे गोपाळराव आठवा. नाशिक जिल्ह्यातल्या शेतकरी घरातला बारा वर्षांचा मुलगा 1875 मध्ये दत्तक घेतला जातो, अक्षरओळखही नसते, आणि तो बडोद्याच्या गादीवर सयाजीराव म्हणून बसतो. पण राज्याचे पूर्ण अधिकार त्याच्या हाती येतात ते 1881 मध्ये. मधली वर्षं तो शिकत होता: मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, शिवाय दिवाण टी. माधवराव कारभाराचे धडे देत होते. आपल्याला पद हवं असतं, ही मधली वर्षं नको असतात.

व्यवहारात सांगायचं तर इंग्रजीचा बाऊ करू नका. ड्रॉइंग, इन्स्पेक्शन रिपोर्ट, ग्राहकाचा तक्रारीचा मेल, एवढ्यापुरतं इंग्रजी वर्षभरात येतं, कारण त्यात तीच ती वाक्यं असतात. दहा जुने चांगले मेल उतरवून ठेवा आणि तेच साचे वापरा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हाताखालच्याची भाषा. ओडिशाहून किंवा बिहारहून आलेल्या माणसाला सूचना समजली का, हे ‘समझे?’ विचारून कळत नाही. ‘आता तू काय करणार, मला सांग’ असं विचारा. जे तो सांगेल तेच तो करणार आहे.

डिग्रीबद्दल मात्र गोड बोलणार नाही. मोठ्या कंपन्यांत मॅनेजरच्या पुढे कागद मागतातच. डिप्लोमा असेल तर नोकरी करता करता डिग्रीचा मार्ग शोधा, तिशीच्या आत. नंतर घरचे व्याप वाढतात.

मी चांगला बदल सुचवतो, तर जुने लोक ‘आमच्याकडे असं चालत नाही’ म्हणतात.

सगळीकडे एकदम चालवायला जाऊ नका. सयाजीरावांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं ते 1893 मध्ये, आणि तेही अमरेली भागात. सगळ्या संस्थानाला लागू केलं 1906 मध्ये. ज्याच्या शब्दाला ‘नाही’ म्हणणारं संस्थानात कुणी नव्हतं, त्याने आधी एका कोपऱ्यात करून पाहिलं. तुम्ही तर कालचे असिस्टंट मॅनेजर.

तुमची अमरेली निवडा: एक मशीन, एक काउंटर, एक शिफ्ट. तिथला माणूस असा निवडा की तो तुमचा चमचा समजला जात नाही. शक्यतो तक्रारखोर, पण हातात कसब असलेला. त्याच्या मशीनवर जमलं तर बाकीच्यांना पटवायचं काम तोच करतो. नाही जमलं, तर का नाही जमलं हे इतकं सविस्तर दुसरं कुणी सांगणार नाही.

मी सूचना स्पष्ट देतो, सर्क्युलर काढतो. खाली अंमल का होत नाही?

या प्रश्नाचं उत्तर आपल्या शहराच्या इतिहासात आहे आणि ते वाचून मान खाली जाते.

1913 मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेला, कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. करारानुसार संस्थानची नोकरी करायला 1917 मध्ये ते बडोद्याला आले. नेमणूक वरच्या हुद्द्याची होती. पण राहायला कुणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत ओळख लपवून उतरले, तर लोक काठ्या घेऊन चालून आले आणि ती जागाही सोडावी लागली. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकत. कमाटीबागेत जाऊन बसण्याची वेळ आली, आणि अखेर नोकरी सोडून ते मुंबईला परतले. आज कमाटीबागेत त्याची आठवण म्हणून संकल्पभूमी हे स्मारक आहे.

शिष्यवृत्ती देणारा राजा सुधारक होता, यात शंका नाही. पण हुकूम निघाला तो राजवाड्यातून आणि नोकरी करायची होती कचेरीत. मधल्या माणसांपैकी कुणी ‘पहिल्या दिवशी यांना कुठे उतरवायचं, पाणी कोण देणार, शिपायाने कागद हातात दिला नाही तर त्याचं काय होणार’ हे पाहिलं नाही. जातीचा प्रश्न सर्क्युलरने सुटत नाही, हे खरंच. पण ज्याला बोलावलं त्याच्या राहण्याची सोय लावणं एका अधिकाऱ्याच्या हातातलं काम होतं.

तुमच्या कारखान्यात ‘सगळ्यांना समान वागणूक’ अशी पाटी रिसेप्शनला असेल. कॉन्ट्रॅक्ट कामगारांचे ग्लास वेगळे आहेत का, ते कँटीनमध्ये जाऊन बघा. नवी मुलगी डिझाइनमध्ये रुजू झाली तर पहिल्या दिवशी तिच्याबरोबर जेवायला कोण बसलं, हे संध्याकाळी विचारा. आडनाव विचारून मग सूर बदलणारा सुपरवायझर तुमच्याकडे आहे का? असला तर त्याच्याशी तुम्हीच बोलायचं, एचआरने नाही. आदेश द्यायचा तर तो शेवटच्या टेबलापर्यंत चालत नेऊन बघावा लागतो. उंटावरून शेळ्या हाकून हे होत नाही.

नवरात्र, उतरायण, दिवाळी: या दिवसांत माणसं टिकवायची कशी?

बाहेरून आलेला मॅनेजर इथे हमखास आपटतो. सप्टेंबरमध्येच वही घेऊन बसा.

नवरात्रीच्या नऊ रात्री अर्धं बडोदं गरब्याला असतं. सकाळच्या शिफ्टला माणूस येतो, पण डोळे उघडे ठेवून झोपलेला. प्रेस, ग्राइंडर, क्रेन, फर्नेस इथे त्या दिवसांत कोण उभं राहणार हे आधी ठरवा. गरब्याला न जाणारे पुष्कळ असतात, त्यांना विचारून सकाळ द्या. जाणाऱ्यांना दुपारची शिफ्ट. सकाळी पहिला तास मोजमाप, साफसफाई, कागदपत्रं अशी कामं. नऊ दिवस कडक उपास करणारा भट्टीजवळ उभा असेल तर त्याची जागा बदला, त्याने मागितली नसली तरी. ‘रात्री नाचता, मग सकाळी का झोपता’ हा टोमणा मारून काही मिळत नाही.

14 आणि 15 जानेवारीला कुणी येणार नाही. पतंग हातात असलेल्या माणसाला फोन करू नका. महत्त्वाचा डिस्पॅच 13 च्या आत बसवा आणि विषय संपवा.

दिवाळीचं गणित जरा अवघड. इथले बरेच कारखाने लाभपाचमीला, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीला, मुहूर्त करून उघडतात. छठपूजेचा मुख्य दिवस कार्तिक शुद्ध षष्ठी, म्हणजे लाभपाचमीच्या लगेच दुसरा दिवस. तेव्हा बिहारचा वेल्डर लाभपाचमीला हजर होणं शक्यच नाही, आणि दर वर्षी ‘हे लोक वेळेवर येत नाहीत’ म्हणून कुरकुर करण्यात अर्थ नाही. तो छठ करून, गाडीचं तिकीट मिळेल तसा येणार. त्याला आधीच तारीख विचारा, ती मान्य करा, त्याच्या मशीनचं मेंटेनन्स त्या दिवसांत काढा. तारीख मान्य केलेला माणूस सहसा शब्द पाळतो.

आणि सणाच्या आधी जादा काम करून घेतलं तर पैसे द्या. जादा तासांना कायद्याने दुप्पट दर आहे. ‘नंतर सुट्टी घे’ ही सवलत मागून घेतलेली असावी, लादलेली नसावी.

विश्वामित्री नदीला पूर आला तर?

ऑगस्ट 2024 मध्ये निम्मं शहर पाण्यात होतं तेव्हा काही इन्चार्जांनी पहिला मेसेज टाकला, ‘उद्या कोण कोण येणार?’ काहींनी टाकला, ‘घरात पाणी आहे का, घरचे कुठे आहेत?’ दोन्ही प्रकारच्या खात्यांत मी नंतर गेले. त्या मेसेजची आठवण लोक अजून काढतात, दोन्हीकडे.

पावसाळ्याआधी एक यादी करून ठेवा: कोण कुठे राहतो, कुणाच्या भागात पाणी भरतं, कुणाच्या घरी म्हातारी माणसं आहेत. पगाराची तारीख पुरात चुकू देऊ नका. तेव्हाच पैशांची सगळ्यात जास्त गरज असते.

शॉप फ्लोअरवर मी एकटीच बाई आहे. काही खास सल्ला?

पहिला सल्ला तुमच्या मॅनेजरला: टॉयलेट कुठे आहे आणि त्याला आतून कडी आहे का ते बघा. हसू नका, ऑडिटमध्ये मी हे आधी बघते.

तुम्हाला सांगायचं तर हातात मायक्रोमीटर घेऊन मशीनपाशी उभ्या राहा. नुसतं रिपोर्ट टाइप करणारी बाई म्हणून शिक्का बसू देऊ नका. मीटिंगचे मिनिट्स दर वेळी तुम्हीच लिहिता का? चहा सांगायला तुम्हालाच उठवतात का? एकदा हसत, दुसऱ्यांदा न हसता सांगा की आज दुसऱ्याची पाळी.

कामाच्या जागी लैंगिक त्रास झाला तर त्याविरुद्धचा 2013 चा कायदा लक्षात ठेवा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे आणि तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्रीच असावी लागते. तक्रार लेखी, प्रसंग घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत. छोट्या युनिटमध्ये असाल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तारीख, वेळ, कोण हजर होतं, हे त्याच दिवशी स्वतःच्या वहीत लिहून ठेवा.

ऑफिसचा व्हॉट्सअॅप ग्रुप रात्री चालू ठेवावा का?

आग लागली तर फोन करतात. बाकी सगळं सकाळी.

अप्रेझलमध्ये पगारवाढ कशी मागावी?

मार्चमध्ये मागायला गेलात तर उशीर झाला. आकडे तोवर वर गेलेले असतात. डिसेंबर-जानेवारीत बोला. शनिवारच्या त्या चार ओळींतून वर्षभराची दहा कामं काढा, त्यातली तीन पुढे ठेवा. घरभाडं वाढलं, मुलाची फी वाढली, हे खरं असलं तरी कंपनीच्या हिशेबात बसत नाही. शेजारच्याला किती मिळतं ते तर काढूच नका. ‘नाही’ म्हणाले तर विचारा, कशाने ‘हो’ होईल आणि केव्हा. त्यालाही उत्तर मिळालं नाही, तर तेच उत्तर आहे असं समजा.

तुम्ही स्वतः कुणाचं अप्रेझल करत असाल, तर त्या खोलीत त्याला पहिल्यांदाच कळेल असं काही ठेवू नका. जुलैत झालेली चूक जुलैतच सांगायची असते.

नोकरी सोडताना काय पाळावं?

नोटिस पिरियड पूर्ण करा, चार्ज लेखी द्या, रिलीव्हिंग लेटर आणि पीएफचे कागद बघून घ्या, आणि जाताना खरं कारण सांगायचंच असेल तर एकाच माणसाला सांगा. बडोदं लहान आहे. आजचा परचेसवाला उद्या तुमचा ग्राहक असतो.

दिवाळीनंतर नव्या खात्यात इन्चार्ज म्हणून जाणार आहे. पहिल्या आठवड्यात काय करू?

पहिले दोन दिवस काही बदलू नका. शिफ्ट बदलताना हजर राहा, सकाळी आणि रात्रीही. एक शिफ्ट दुसरीला चार्ज कशी देते ते नुसतं बघा. रजिस्टरमध्ये लिहून, की जाता जाता हात हलवून? खात्याचे निम्मे रोग तिथे दिसतात.

मग प्रत्येकाशी त्याच्या जागेवर जाऊन बोला, केबिनमध्ये बोलावून नाही. हेल्पर आणि कॉन्ट्रॅक्टची माणसंही धरा. एकच प्रश्न विचारा: तुझ्या कामात रोज अडणारी अशी कुठली गोष्ट आहे, जी सांगून सांगून तू आता सांगायचं सोडलंस? लोक आधी छताकडे बघतील. थांबा, घाई करू नका. मग सांगतील. सगळं त्यांच्यासमोर वहीत लिहा, नावानिशी.

त्या यादीतली मोठी कामं मोठीच असतात, त्यांना बजेट लागतं, वेळ लागतो. पण तिच्यात एखादी गोष्ट अशी निघते की स्टोअरमधून चिठ्ठीवर होईल: बंद पडलेला पंखा, तपासणीच्या टेबलावरची लुकलुकणारी ट्यूबलाइट, गेज ठेवायला नसलेला स्टँड. ती त्याच आठवड्यात करून टाका, आणि ज्याने सांगितली होती त्याला बोलावून दाखवा.